धूळ मोजली, दमेकरी कोण मोजणार?

वास्कोच्या गृहिणीला हवेच्या शुद्धतेचा दाखला आणण्यासाठी कोणत्याही सरकारी कचेरीची पायरी चढावी लागत नाही. सकाळी खिडकीच्या चौकटीवरून फिरविलेले फडके काळे निघाले की, बंदरात कोळसा उतरत आहे हे तिला घरबसल्या कळते. सावर्डे-कुडचडे, उसगाव-तिस्क, होंडा-पिसुर्ले या भागांतील घरांना हाच दाखला वर्षानुवर्षे तांबड्या रंगात मिळत असे. खनिजाच्या ट्रकांची रांग दिवसभर दारावरून जाई आणि सकाळी धुतलेल्या तुळशीवृंदावनावर दिवेलागणीपर्यंत मातीची साय धरे.

हे झाले डोळ्यांना दिसणारे. जे दिसत नाही ते छातीत जाते, आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो हा आमचा आजचा विषय आहे. हिशेब मुळीच ठेवला जात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या राज्यात हवेची एक वही आहे आणि रोगाचीही एक वही आहे. दोन्ही सरकारच्याच, दोन्हींवर जनतेचाच पैसा खर्च होतो. परंतु पहिली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते व दुसरी आरोग्य खात्याकडे. या दोन वह्या एका मेजावर शेजारी शेजारी उघडून कोणी वाचल्याचे, आणि त्या वाचनाचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवल्याचे, आमच्या पाहण्यात आलेले नाही.

प्रथम हवेच्या वहीकडे वळू. १९८१ च्या हवा प्रदूषण प्रतिबंधक कायद्यान्वये हवेवर देखरेख ठेवणे हे मंडळाचे कर्तव्य ठरले. शहरांतून, औद्योगिक वसाहतींतून आणि खाणपट्ट्यांतून हवेचे नमुने घेतले जातात व आकडे प्रसिद्धही होतात. मोजण्याची रीत तशी साधी आहे. यंत्र ठरावीक काळ हवा ओढून घेते, ती काचतंतूंच्या गाळणकागदातून जाते आणि कागदाच्या वाढलेल्या वजनावरून धुळीचे प्रमाण काढले जाते. मानवी केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. १० मायक्रॉन व त्याहून बारीक कण नाकाची चाळण चुकवून श्वासमार्गात उतरतात, २.५ मायक्रॉनहून सूक्ष्म कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म तर रक्तातही मिसळतात. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या मानकांनुसार दर घनमीटर हवेत पहिल्या प्रकारचे कण वर्षाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपर्यंत व दुसऱ्या प्रकारचे ४० पर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेला सल्ला अनुक्रमे १५ आणि ५ असा आहे. म्हणजे आपली मर्यादा एका बाबतीत त्या सल्ल्याच्या चौपट, तर दुसऱ्या बाबतीत आठपट सैल आहे. ती पाळली गेली म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ नये.

पण आमचा आक्षेप मर्यादेपेक्षा सरासरीवर अधिक आहे. राष्ट्रीय कार्यक्रमातील मनुष्यचलित केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस, मापन व्हावे असा दंडक आहे. उरलेल्या २६१ दिवसांची हवा वहीत नाही. आठवड्यातून दोनदा नाडी पाहून बाकीच्या पाच दिवसांचा ताप अंदाजाने सांगणाऱ्या वैद्याकडे आपण आपले मूल नेणार नाही. देशात ठिकठिकाणी अखंड मोजणारी स्वयंचलित यंत्रे आता बसत आहेत हे खरे. पण यंत्र कितीही उत्तम असले तरी वर्षाची सरासरी काढताना आपल्या हवामानामुळे होणारी गफलत त्याने टळत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाऊस आपली हवा धुऊन काढतो. त्या चार महिन्यांचे निर्मळ आकडे बाराही महिन्यांच्या बेरजेत मिसळले की जानेवारी ते मार्चमधली धूळ कागदावर सौम्य दिसू लागते. फुप्फुसाला सरासरी काढता येत नाही. ज्या रात्री हवा बिघडते त्याच रात्री दमेकऱ्याला उठून बसावे लागते.

शिवाय किनाऱ्यावरची हवा तासातासाला दिशा बदलते. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि रात्री मतलई वारे त्याच्या उलट. मुरगावचे धक्के वास्को शहराच्या वायव्येस आहेत. साहजिकच त्या धक्क्यांवरची धूळ शहरावर येण्याचा काळ मुख्यतः दुपारचा. हिवाळ्यातल्या पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते, त्यामुळे जाळलेल्या कचऱ्याचा आणि वाहनांचा धूर वर जाऊ शकत नाही. हवेत काही अंश समुद्राच्या मिठाचाही असतो, आणि तो कोळशाच्या माथी मारणे योग्य नव्हे. तेव्हा कोणत्या ठिकाणी, कोणत्या तासाला, कोणते कण, हे सांगणारी वही हवी.

आता रोगाच्या वहीकडे पाहू. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणाऱ्या आणि पोर्तुगीज अमदानीपासून जन्ममृत्यूच्या नागरी नोंदणीची सवय असलेल्या या प्रदेशात वहीची कमतरता कधीच नव्हती. मृत्यूचे कारण वैद्याने प्रमाणित करण्याच्या बाबतीत गोवा देशात अगदी वरच्या स्थानी आहे; ज्या देशात बहुसंख्य मृत्यूंचे कारण कोणा डॉक्टरने लिहिलेलेच नसते, तेथे ही लहान गोष्ट नाही. चिखलीचे रुग्णालय, मडगावचे होस्पिसियो, म्हापशाचे आझिलो, काकोडा, वाळपई, साखळी, सांगे येथील आरोग्य केंद्रे आणि सर्वांचा शेवटचा आसरा असलेले बांबोळीचे इस्पितळ, या सर्व ठिकाणी रोज केसपेपर निघतात. त्यांवर रुग्णाचे नाव, वय, गाव आणि रोग लिहिला जातो. २०१६ पासून सुरू असलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेमुळे खासगी इस्पितळांतील उपचारांचीही नोंद सरकारदरबारी होऊ लागली आहे.

दोष नोंदीत नाही, नोंदीचे पुढे काय होते त्यात आहे. साथीच्या रोगांचा साप्ताहिक अहवाल २००४ पासून राष्ट्रीय योजनेखाली वर जातो. डेंग्यू, कावीळ, गॅस्ट्रो यांची संख्या वाढली की खाते हलते. सत्तरीचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये पाली गावाच्या परिसरात माकडतापाची साथ उद्भवली, तेव्हा रानात मरून पडलेल्या माकडाचीसुद्धा जागा आणि तारीख नोंदली जाऊ लागली. कारण माकड कोठे मेले हे कळल्यावाचून माणसाचे रक्षण होणार नव्हते. ते योग्यच झाले. पण त्याच तालुक्यात खाणीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या एखाद्या मुलाला वर्षातून चार वेळा दम्याचा झटका आला, तर ते चार केसपेपर चार वेळा निघून चार वेळा बांधून ठेवले जातात. दमा, दीर्घकालीन श्वासनलिकादाह, हृदयविकार हे रोग साथीसारखे अंगावर धावून येत नाहीत, म्हणून ते कोणाच्या साप्ताहिक बैठकीत येत नाहीत. मृत्यूच्या दाखल्यांवर तर कित्येकदा हृदयक्रिया व श्वसन बंद पडून मृत्यू, एवढेच लिहिलेले आढळते. ते कोणाच्या बाबतीत खरे नसते?

या दोन वह्या एकत्र वाचल्याने काय साधते, ते अमेरिकेतल्या युटा खोऱ्याच्या गोष्टीवरून कळते. ती जरा विस्ताराने सांगतो, कारण ती आमच्या घरच्या गोष्टीशी फार जुळते. त्या खोऱ्यात जिनिव्हा नावाचा पोलादाचा मोठा कारखाना होता. हिवाळ्यात डोंगरांच्या मध्ये हवा कोंडली की त्याचा धूर खोऱ्यातच राही. ऑगस्ट १९८६ मध्ये कामगार-तंट्यामुळे तो बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये नव्या मालकांच्या हाती पुन्हा सुरू झाला. म्हणजे मधला एक हिवाळा कारखान्यावाचून गेला. तेथील विद्यापीठात आर्डन पोप नावाचे एक प्राध्यापक होते. ते वैद्य नव्हते, अर्थशास्त्र शिकवीत. त्यांनी एकीकडे धुळीचे आकडे घेतले, दुसरीकडे खोऱ्यातील इस्पितळांच्या प्रवेशनोंदी घेतल्या आणि महिन्यापुढे महिना मांडला. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारामुळे इस्पितळात दाखल झालेल्या मुलांची संख्या कारखाना बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुपटी-तिपटीने अधिक निघाली. या खोऱ्यातील बहुसंख्य रहिवासी धर्माज्ञेने तंबाखूला न शिवणारे, त्यामुळे विडीकाडीवर दोष ढकलण्याची सोयही राहिली नाही. हा निबंध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेच्या सहा शहरांतील ८,१११ प्रौढांना सुमारे दीड दशक नजरेखाली ठेवून केलेल्या अभ्यासात, सर्वांत मलिन हवेच्या शहरातील मृत्यूचा दर सर्वांत स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. १९९७ मध्ये तेथे सूक्ष्म कणांची मर्यादा कायद्याने ठरली, ती अशा वह्यांच्या बळावर.

जी संधी युटा खोऱ्याला एकदा मिळाली, ती आम्हांला दोनदा मिळाली. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती बंदी पक्की झाली. एप्रिल २०१४ मध्ये बंदी सशर्त उठली. नंतर फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १६ मार्च २०१८ पासून उत्खनन पुन्हा बंद झाले. साठ्यातील मालाची वाहतूक मधून मधून चालली, तरी पूर्वीची ती अखंड रांग राहिली नाही. या दोन्ही खेपांना आम्ही काय मोजले? ट्रकमालकांचे हप्ते मोजले, बार्जवाल्यांचे नुकसान मोजले, सरकारी तिजोरीतील तूट मोजली. हे सारे मोजणे रास्तच होते, कारण हजारो घरांच्या चुली त्या धंद्यावर पेटत होत्या. पण सावर्डे-कुडचड्यातील मुलांचा खोकला त्या काळात कमी झाला की नाही, हा एक साधा आकडा तेवढ्याच आस्थेने कोणी मागितला नाही. काकोड्याच्या आणि सांग्याच्या बाह्यरुग्ण विभागातील २०११, २०१३, २०१७ आणि २०१९ या चार वर्षांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या असत्या, तर उत्तराची निदान दिशा तरी दिसली असती. कदाचित खोकला पुष्कळ कमी झाल्याचे दिसले असते, कदाचित आमचा तर्क चुकीचाही ठरला असता.

आकडा नसला की काय होते, हे सोनशीने दाखविले. एप्रिल २०१७ मध्ये धूळ आणि पाणी यांसाठी ट्रक अडविणाऱ्या तेथील ग्रामस्थांना अटक होऊन तुरुंगात जावे लागले. त्याच सुमारास वास्कोत बंदरविस्ताराच्या जनसुनावण्या झाल्या. दिवसचे दिवस लोक उठून आपापल्या घरातील दम्याची कहाणी सांगत होते. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरच्या रेल्वे फाटकावर हजारो माणसे जमली, तीही लोहमार्गाच्या दुपदरीकरणातून कोळशाची वाहतूक वाढेल या भीतीपोटी. या सर्व प्रसंगी एका बाजूला माणसाचा अनुभव होता आणि दुसऱ्या बाजूला तज्ज्ञाचा अहवाल. अनुभवाला पुरावा म्हणत नाहीत, आणि अहवालात धूळ असते पण रुग्ण नसतो. यामुळे प्रश्न सुटण्याऐवजी रस्त्यावर येतो. ज्या सरकारला आंदोलने नकोशी वाटतात, त्याने तर या वह्या सर्वांआधी जोडावयास हव्यात.

वह्या जोडल्या की गुन्हेगार आपोआप सापडेल, असा भाबडा समज आम्ही पसरवू इच्छित नाही. दम्याला चुलीचा धूर कारण होतो, विडी होते, घरातली ओल होते, परागकण होतात. नरकासुर जाळण्याच्या रात्रीचा धूर आणि फटाके आमचेच. त्यांचे खापर कोणत्याही खाणमालकावर फोडता येणार नाही. मे २०१९ मध्ये सोनसोड्याचा कचरा पेटला, जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णचा रंगाचा कारखाना जळला, त्याच वर्षी मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासह ठिकठिकाणची राने पेटली; या प्रत्येक धुराची जात निराळी. शिवाय पाचशे वस्तीच्या गावात एका वर्षी दोन रोगी आणि दुसऱ्या वर्षी चार, यावरून रोग दुप्पट झाला असे म्हणणे हे गणिताचे अज्ञान होय. लहान आकडे वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखे असतात. तालुक्याची कैक वर्षांची बेरीज केल्यावरच त्यांना अर्थ येतो. म्हणून तर ही वही लवकर उघडावयास हवी. आणि ती प्रामाणिकपणे लिहिली गेली, तर निष्कारण बदनाम होणाऱ्या एखाद्या उद्योगाची सुटकाही तीच करील.

असे काम राज्याच्या पातळीवर चालते कसे, याचाही नमुना उपलब्ध आहे. साथीच्या रोगांवर करडी नजर ठेवणाऱ्या आपल्या देशाला दम्यासारख्या जुनाट रोगांची आणि त्यांच्या परिसरातील कारणांची एकत्र माहितीच नाही, असे अमेरिकेतील एका आयोगाने २००० मध्ये दाखवून दिले. २००२ मध्ये तेथील संसदेने त्यासाठी पैसा मंजूर केला. राज्याराज्यांच्या आरोग्य खात्यांनी हवा, पाणी आणि रोग यांच्या नोंदी एका ठिकाणी आणण्यास आरंभ केला आणि २००९ पासून त्या सामान्य नागरिकालाही पाहता येऊ लागल्या. आपल्या आईवडिलांच्या गावी दम्याने इस्पितळात जाणाऱ्यांचे प्रमाण किती आणि हवा कशी, हे तेथे कोणीही पाहू शकतो. रुग्णाचे नाव कोठेच येत नाही. येते ती फक्त संख्या.

आपल्याकडेही पाया अगदीच नाही असे नव्हे. २०१९ पासून केंद्राचा हवामानबदल व मानवी आरोग्याविषयीचा कार्यक्रम आहे आणि प्रदूषणाशी निगडित तीव्र श्वसनविकारांवर निवडक इस्पितळांतून नजर ठेवावी, असे त्यात अभिप्रेत आहे. परंतु त्याच वर्षी आखलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत गोव्याचे एकही शहर नाही. यादीत नसणे ही अब्रूची गोष्ट आहे खरी. पण तीमुळे निधी आणि निकड, दोन्ही आपल्यापासून दूर राहतात. दिल्लीच्या धुराशी तुलना केली की आपले आकाश नेहमीच निळे दिसणार. पर्यटकांपुढे ते तसेच निळे राहावे, म्हणून आकड्यांची वाच्यता नको, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. तो वर्ग वर्षातून आठ दिवस येणाऱ्या पाहुण्याची काळजी करतो. बारा महिने येथेच श्वास घेणाऱ्याची करीत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरचे आणि २०११ च्या खानेसुमारीनुसार साडेचौदा लाख वस्तीचे हे राज्य. उत्तर प्रदेशातल्या एखाद्या जिल्ह्याएवढीही आपली लोकसंख्या नाही. येथे जे जमणार नाही ते देशात कोठेच जमणार नाही. प्रत्येक सरकारी इस्पितळाने आणि आरोग्य केंद्राने दम्याचे व तीव्र श्वसनविकाराचे किती रुग्ण आले, ते वयोगट आणि गाव यांनुसार दर आठवड्याला कळवावे. मंडळाने त्याच आठवड्याचे, त्याच भागाचे, दररोजचे हवेचे आकडे द्यावेत. आणि आरोग्य खात्यातील एका जबाबदार अधिकाऱ्याने, वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यक विभागाच्या साह्याने, दोन्ही जोडून दर तीन महिन्यांनी मराठी व कोकणीतून प्रसिद्ध करावेत. डॉक्टरांवर कामाचा बोजा आहे ही तक्रार आम्हांला मान्य आहे. म्हणूनच हे काम डॉक्टराचे नव्हे, कारकुनाचे असावे. त्या कारकुनाचा पगार कोठून द्यावयाचा, असे कोणी विचारील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा पैसा खाणग्रस्त भागांतील आरोग्य आणि प्रदूषण नियंत्रण यांसाठीच ठेवलेला आहे. बंदराच्या बाजूचा खर्च बंदरात कोळसा हाताळणाऱ्यांकडून घेण्यात काहीच गैर नाही.

घाई करण्याचे कारण आहे. २०२२ च्या अखेरीस नव्या खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ पासून खाणी पुन्हा चालू होऊ लागल्या. ट्रक परत रस्त्यावर येत आहेत. अजून पूर्वीइतके नाहीत. ते पूर्वीइतके होण्याआधी डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांतल्या छातीच्या रोगांची आजची स्थिती लिहून ठेवली, तरच पाच वर्षांनी तुलनेला काही हाती राहील. बांबोळीत आणि काकोड्यात २०१२ पासूनचे केसपेपर ज्या खोल्यांत बांधून ठेवलेले असतील, त्या खोल्यांत वाळवी आणि पावसाची ओल शिरण्यापूर्वी आरोग्यमंत्र्यांनी ते गठ्ठे सोडून मोजण्याचा हुकूम काढावा.